खुलताबादेत दोन तास : विजेच्या गाडीला प्लग कोण देणार?

व्यापारी बंधूंनो, गेल्या उरुसाच्या आधी आमच्यावर जो प्रसंग आला तो येथे मांडणे आम्हास जरुरीचे वाटते. आपल्यापैकी अनेकांनी मालासाठी विजेच्या तीनचाकी घेतल्या, काहींनी मोटारीही घेतल्या. परंतु शहर सोडल्यावर या गाडीचे पोट कुठे भरायचे, याचा हिशेब फार थोड्यांनी केला आहे. आम्हीही केला नव्हता.

आमच्या चिरंजीवांनी २४ युनिट बॅटरीची छोटी मोटार घेतली आहे. सकाळी ती पूर्ण भरलेली होती. छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) पैठण पन्नासेक किलोमीटर. तिथे विणकरांचा हिशेब चुकता केला, परत आलो आणि दुकानातून हिमरू शालींचा गठ्ठा घेऊन तसेच खुलताबादकडे निघालो. दौलताबादचा किल्ला मागे पडला आणि घाट सुरू झाला. माल भरलेला, उन्हामुळे एसी चालू. चढावर आकडे असे उतरू लागले की विचारू नका! खुलताबादेत पोहोचलो तेव्हा काट्यावर नऊ टक्के. म्हणजे दोन युनिट, फार तर १३ किलोमीटर. घर मात्र २५ किलोमीटरवर.

दर्ग्याच्या रस्त्यावर फुले-चादरीची दुकाने आहेत. ज्या तरुण दुकानदाराला माल द्यायचा होता तो म्हणाला, "चाचा, फिकीर कशाला? गाडी म्हणजे मोठा मोबाईलच की! लावा प्लग." त्याने पंख्याची बारीक वायर ओढून आणली. पाच मिनिटांत वायर गरम झाली आणि गाडीने आपण होऊन वीज घेणे बंद केले. वायरमन आला, त्याने पाहिले तर त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हते. शेवटी शेजारच्या हॉटेलातील फ्रीजचे १५ अँपिअरचे सॉकेट सापडले, त्याला अर्थिंग चांगले होते. तिथे गाडी लागली.

अशा सॉकेटमधून तासाला सुमारे तीन युनिट मिळतात, थोडी वीज वाटेत जाते. दोन तासांत पाच युनिटांच्या वर भरले, तेवढ्यात ३० किलोमीटर निघतात. शिवाय परतताना उतार असल्याने घाटात थोडी वीज परत बॅटरीत येते. आम्ही घरी सुखरूप पोहोचलो.

परंतु आमचे लक्ष त्या दोन तासांकडे आहे. एरवी माल उतरवून, चहा पिऊन आम्ही वीस मिनिटांत निघालो असतो. या वेळी जेवलो, मलिक अंबरच्या मकबऱ्यापर्यंत चालत गेलो (१६२६ मध्ये वारलेल्या या माणसाने शहराला नहरीचे पाणी आणून दिले), घरच्यांसाठी खरेदी केली. ६४० रुपये त्या गावात सोडून आलो. हॉटेलवाल्याने विजेचे पैसे मात्र घेतले नाहीत. मेहमाननवाजी म्हणून ठीक, पण दर नसलेला धंदा टिकत नाही. दहा गाड्या आल्या तर तोच माणूस प्लग काढून घेईल.

आपल्या लोकांना वाटते, यासाठी मोठा परवाना लागेल. तसे नाही. चार्जिंगची सेवा देण्यास वीज कायद्याखाली परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. महावितरणकडे चार्जिंग केंद्रांसाठी वेगळा दरवर्गही आहे. जलद चार्जर तासाभरात बॅटरी भरतो खरा, परंतु त्याला जादा भाराची जोडणी आणि मोठे भांडवल हवे. ते काम कंपन्यांचे. फुलवाल्याला, चादरवाल्याला, लॉजवाल्याला साधे सॉकेट, जाड वायर, पक्के अर्थिंग आणि वेगळा सबमीटर एवढे पुरे. आकडा टाकून वीज देण्याचा मोह मात्र कोणी करू नये. त्यात दुकान जळेल आणि नावही जाईल.

पुरातन वास्तूंजवळ आणखी एक गोष्ट पाहावी लागते. स्मारक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आहे, त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. म्हणून दौलताबादच्या तटाला लागून कोणी शेड उभारू म्हणेल तर ते होणार नाही. आहे त्याच दुकानाच्या भिंतीवर सॉकेट बसवणे म्हणजे काही इमारत बांधणे नव्हे. तरीही पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत लेखी विचारून घेतलेले बरे, नंतर नोटीस आली की धावपळ आपलीच.

वेरूळ तिथून जवळच आहे, तिथे देशोदेशीचे पाहुणे येतात. उद्या त्यांच्या गाड्या विजेच्या असतील. त्या गाड्या कुठल्याशा बड्या हॉटेलच्या आवारात दोन तास उभ्या राहतील की आपल्या कारागिराच्या दुकानासमोर, हे प्लग आधी कोण लावतो त्यावर ठरेल.

परवा त्या तरुण दुकानदाराचा फोन आला. वायरमनकडून अर्थिंग करून घेतले, सबमीटरही बसवला. विचारत होता, "चाचा, पाटीवर दर काय लिहू?" आम्ही म्हटले, बेटा, आधी बिलातला तुझा युनिटचा दर वाचून दाखव.