कोटींचा आकडा आणि खटल्यातला मुद्देमाल

सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, दोन कंटेनर उघडले. कागदोपत्री माल होता अफगाणिस्तानातले टाल्कचे दगड, इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेले. निघालं सुमारे २,९८८ किलो हेरॉईन. बातम्यांत ठळक झाला तो मात्र २१ हजार कोटींचा आकडा.

या आकड्याभोवतीच पहिला गैरसमज आहे. तस्करांचे तेवढे पैसे बुडाले, असं वाचणाऱ्याला वाटतं. खरं तर तो बाजारभावाचा अंदाज असतो. माल आणणाऱ्याने त्यासाठी मोजलेली रक्कम बरीच कमी असते. शिक्षाही किमतीवर नव्हे, वजनावर ठरते. १९८५च्या एनडीपीएस या अंमली पदार्थविषयक कायद्यानुसार हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर 'अल्प प्रमाण', २५० ग्रॅमच्या वर गेलं की 'व्यापारी प्रमाण'. गांजासाठी याच मर्यादा १ आणि २० किलो, एमडीसाठी, म्हणजे मेफेड्रोनसाठी, २ आणि ५० ग्रॅम. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त एक वर्ष. व्यापारी प्रमाणाला किमान दहा, कमाल वीस वर्षं.

पुडीत भेसळच जास्त होती, ही सबबही चालत नाही. शुद्ध अंमली पदार्थ किती हे न पाहता मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात स्पष्ट केलं.

'हे सगळं बाहेरून येतं' हा समज आपल्यासाठी जास्त घातक. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांचा तपास पोहोचला तो दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत. तिथल्या रासायनिक कारखान्यात एमडी तयार होत होतं; पुणे, कुरकुंभ आणि दिल्ली मिळून पंधराशे किलोहून अधिक माल जप्त झाला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावातही एमडीचा कारखाना सापडला होता. ज्या राज्यात रसायन उद्योग एवढा पसरला आहे, तिथे फक्त बंदरं आणि विमानतळांवर पहारा देऊन भागणार नाही.

माल पकडला, आरोपी आत गेला, विषय संपला? इथेच अनेक खटले ढिले पडतात. अंगझडती घ्यायची असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क आरोपीला आधी सांगावा लागतो (कलम ५०). पिशवी किंवा बॅग तपासताना ही अट नसते. शिवाय तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, हे तोफान सिंग निकालाने २०२० मध्ये पक्कं केलं. या अटींना कोणी पळवाटा म्हणतं, ते चूक आहे. एवढ्या कडक शिक्षेच्या कायद्यात निरपराध माणसाला त्यांचाच आधार आहे.

जप्त माल निकाल लागेपर्यंत गोदामात पडून राहायलाच हवा, असंही नाही. कलम ५२ए नुसार दंडाधिकाऱ्याने यादी, छायाचित्रं आणि नमुने प्रमाणित केले की तेच पुरावा म्हणून चालतात. उरलेला साठा जाळता येतो. मुंबई कस्टम्सचे असे साठे तळोज्याच्या भट्टीत नष्ट होतात.

घरातलं कोणी व्यसनात अडकलं असेल तर पोलिसांच्या धास्तीने ते लपवू नका. सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी गुन्हा दाखल झालेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर कलम ६४ए तिला खटल्यापासून संरक्षण देतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे; तस्करीची माहिती १९३३ वर कळवता येते.