अबू गरेब : फोटोत न आलेले

डोक्यावर काळी पिशवी, अंगावर घोंगडी, हाताला वायरी जोडून खोक्यावर उभा केलेला कैदी. गळ्यात पट्टा अडकवलेला नागडा माणूस, आणि पट्ट्याचं दुसरं टोक धरून उभी असलेली अमेरिकी महिला शिपाई. बगदादजवळच्या अबू गरेब तुरुंगातले हे फोटो एप्रिल 2004 मध्ये जगासमोर आले. ते इतके अंगावर येणारे होते की या प्रकरणाबद्दलचे आपले बहुतेक समज त्यांच्यातूनच बनले. गफलत तिथेच झाली.

सगळ्यात चिवट समज असा की रात्रपाळीच्या मूठभर विकृत शिपायांनी हे केलं, वरच्यांना पत्ताच नव्हता. बुश सरकारचंही तेव्हा हेच म्हणणं होतं. कागद वेगळं बोलतात. डिसेंबर 2002 मध्ये, म्हणजे इराकवर हल्ला होण्याआधीच, संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी ग्वांतानामो तुरुंगातल्या चौकशीसाठी काही पद्धती मंजूर केल्या : कपडे उतरवणं, डोक्यावर पिशवी घालणं, कुत्र्यांची भीती दाखवणं, चार तासांपर्यंत उभं ठेवणं. सही करून त्यांनी खाली स्वतःच्या हातानं शेरा मारला : मी तर दिवसाचे आठ-दहा तास उभा असतो, मग यांना चारच तास का? साहेबांचा असा शेरा फायलीवर पडला की खालच्यांना काय कळायचं ते कळतं.

ती मंजुरी सहा आठवड्यांत मागे घेतली गेली, पण पद्धती अफगाणिस्तानमार्गे इराकमध्ये पोचल्याच. ऑगस्ट 2003 च्या अखेरीस ग्वांतानामोचे प्रमुख मेजर जनरल जेफ्री मिलर इराकला गेले आणि पहारेकऱ्यांनी कैद्यांना चौकशीसाठी ‘तयार’ करावं, अशी शिफारस करून आले. लष्कराचा स्वतःचा नियम नेमका उलट होता : लष्करी पोलिसांनी कैदी सांभाळायचे, चौकशीत पडायचं नाही. 14 सप्टेंबरला इराकमधले सेनापती रिकार्डो सांचेझ यांनी कुत्र्यांच्या वापराला आणि शरीर आखडवणाऱ्या स्थितींना परवानगी दिली. महिन्याभरात ती आवळली गेली खरी, पण कुप्रसिद्ध झालेले फोटो बहुतांशी त्यानंतरच्या तीन महिन्यांतलेच आहेत. सिनेटच्या सशस्त्र सेना समितीनं 2008 मध्ये स्पष्ट केलं की हा दोष काही शिपायांच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. त्या समितीत जॉन मॅकेन होते. व्हिएतनामच्या कैदेत त्यांनी स्वतः साडेपाच वर्षं काढली होती.

‘पण दोषींना शिक्षा झाली ना?’ झाली, फोटोत दिसलेल्यांना. अकरा शिपाई दोषी ठरले, सर्वांत मोठी शिक्षा दहा वर्षांची. खटला चाललेला अधिकारी एकच, आणि त्याच्यावरचा ठपकाही अखेर पुसला गेला. तुरुंगाची जबाबदारी असलेल्या ब्रिगेडियर जनरल जॅनिस कार्पिन्स्की यांची पदावनती झाली, एवढंच.

याउलट मनादेल अल-जमादी या कैद्याचं प्रकरण पाहा. 4 नोव्हेंबर 2003 च्या पहाटे सीआयएनं त्याला तिथे आणलं. नोंदवहीत नावच चढवलं नाही. न्हाणीघरात हात पाठीमागे बांधून खिडकीच्या गजांना अडकवलं, डोक्यावर पिशवी. चौकशी चालू असतानाच तो मेला. प्रेत बर्फात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी हाताला सलाइन लावून, आजारी माणूस नेतात तसं बाहेर काढलं. लष्करी शवविच्छेदनात हा मनुष्यवध ठरला. बर्फातल्या प्रेताशेजारी अंगठा उंचावून हसणाऱ्या दोन शिपायांचे फोटो जगभर गेले. मृत्यूबद्दल मात्र कुणालाच शिक्षा झाली नाही. अमेरिकी न्याय खात्यानं 2012 मध्ये फाइल बंद केली.

हे सगळं पत्रकारांनी उकरून काढलं, हाही अर्धाच खरा समज. जानेवारी 2004 मध्ये जोसेफ डार्बी या शिपायानं फोटोंची सीडी लष्कराच्याच तपास शाखेकडे दिली, आणि मेजर जनरल अँटोनियो टगुबा यांचा कडक अहवाल फोटो टीव्हीवर येण्याआधीच तयार होता. रेडक्रॉसचं पथक तर ऑक्टोबर 2003 मध्येच आत जाऊन नागडे कैदी पाहून आलं होतं.

आता आपल्याकडेही पारावर ऐकू येणारा युक्तिवाद : अतिरेक्यांचे कसले लाड, दोन दणके दिले की पोपटासारखे बोलतात. एक तर ते अतिरेकीच होते कशावरून? रेडक्रॉसच्या फेब्रुवारी 2004 च्या अहवालात लष्करी गुप्तचर अधिकाऱ्यांचाच अंदाज नोंदवला आहे की इराकमधल्या 70 ते 90 टक्के बंदिवानांना चुकून पकडलं होतं. दुसरं म्हणजे, दणके दिल्यावर माणूस बोलतो हे खरंच; काय बोलतो ते पाहावं. इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याला अमेरिकेनं इजिप्तच्या हवाली केलं. तिथल्या छळात त्यानं सांगून टाकलं की इराकनं अल-कायदाला रासायनिक आणि जैविक अस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. तीच ‘माहिती’ कॉलिन पॉवेल यांनी 5 फेब्रुवारी 2003 रोजी संयुक्त राष्ट्रांत मांडली. पुढच्या वर्षी अल-लिबीनं जबाब फिरवला. तोवर इराकवर ताबा बसला होता आणि अबू गरेब भरलं होतं.

‘जिनिव्हा करार तिथे लागूच नव्हता’ हे तर साफ चूक. अल-कायदाबाबत बुश सरकारनं तशी भूमिका घेतली होती. इराक युद्धाला करार लागू आहे, हे त्याच सरकारला मान्य होतं.

आणि हे प्रकरण 2004 मध्येच संपलेलंही नाही. एक मुख्याध्यापक, एक फळविक्रेता आणि एक पत्रकार अशा तीन इराक्यांनी चौकशी अधिकारी पुरवणाऱ्या सीएसीआय या खासगी कंपनीवर 2008 मध्ये दाखल केलेला दावा सोळा वर्षं चालला. पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये व्हर्जिनियातल्या दुसऱ्या ज्यूरीनं एकूण 4 कोटी 20 लाख डॉलर भरपाई ठरवली. कंपनीचा कोर्टातला एक मुख्य बचाव असा होता : आमची माणसं तिथे लष्कराच्या हुकमाखाली काम करत होती.