पाऊस, बंद घर आणि स्फूर्ती

झड लागली, दारे-खिडक्या बंद झाल्या, की कलावंताला स्फूर्ती होते, अशी एक समजूत रूढ आहे. पण घरात कोंडून घालणारा पाऊस कलावंताला नेमके काय देतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचा विचार करण्यासाठी आम्ही एक परदेशी उदाहरण घेतो. जगाने ज्या संगीतरचनेला ‘पावसाच्या थेंबांची’ म्हणून ओळखले, तिची कथा या समजुतीच्या मुळाशी जाण्यास फार उपयोगी आहे.

भूमध्य समुद्राकाठी ऋतूंचा क्रम आपल्याहून निराळा असतो. तेथे उन्हाळा कोरडा जातो आणि पाऊस पडतो तो मुख्यतः शरदात व हिवाळ्यात. थंडी आणि ओल दोन्ही एकदमच अंगावर येतात. १८३८ च्या नोव्हेंबरात पोलिश संगीतकार फ्रेडरिक शोपाँ स्पेनच्या मायोर्का बेटावर आला तो प्रकृतीला मानवेल अशा उबदार हवेच्या आशेने. त्याच्यासमवेत फ्रेंच कादंबरीकर्त्री जॉर्ज सांद (हे त्या बाईंचे लेखनातील पुरुषी नाव) आणि तिची दोन मुले होती. पहिले काही दिवस बरे गेले. मग पाऊस सुरू झाला. भाड्याच्या घराच्या भिंतींना ओल आली, शोपाँचा खोकला बळावला. हा क्षयच असावा अशी बोलवा झाली आणि घर सोडावे लागले. डिसेंबरात ही मंडळी वाल्देमोसा या डोंगरातल्या गावी एका जुन्या मठात राहावयास गेली. तेथील साधूंना सरकारने १८३५ साली बाहेर काढले होते आणि त्यांच्या खोल्या भाड्याने मिळत होत्या.

या खोल्यांत बसून शोपाँने आपली चोवीस ‘प्रिल्यूड्स’ पुरी केली आणि २२ जानेवारी १८३९ रोजी त्यांची प्रत पॅरिसला रवाना केली. प्रिल्यूड म्हणजे खरे पाहता मोठ्या रचनेपूर्वीचा प्रास्ताविक तुकडा. शोपाँने तोच स्वतंत्र केला. यांतील काही तुकडे तर मिनिटभरातच संपतात.

आता पावसाची गोष्ट. सांदने पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे, की एके दिवशी ती मुलाला घेऊन पाल्मा शहरी गेली असता मुसळधार पावसाने वाट अडली आणि परतण्यास रात्र झाली. शोपाँ पियानोपाशी बसून वाजवीत होता. आपण तळ्यात बुडालो आहोत आणि छातीवर गार पाण्याचे थेंब तालात पडत आहेत, असा त्याला भास झाला होता. छपरावर खरोखरच थेंब पडत आहेत, हे तिने दाखविले, तेव्हा ते आपण ऐकलेच नाहीत असे तो म्हणाला. आपले संगीत म्हणजे पावसाची नक्कल, ही कल्पना त्याला मुळीच रुचली नाही. ती रचना नेमकी कोणती याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. बहुतेक लोक पंधराव्या प्रिल्यूडकडे बोट दाखवितात. ‘पावसाचा थेंब’ हे नाव मात्र शोपाँने दिलेले नाही.

या पंधराव्या रचनेत एक स्वर अखंड वाजत राहतो. आपल्या भाषेत सांगायचे तर तो पंचम आहे. तंबोऱ्याच्या पहिल्या तारेचा पंचम ज्यांच्या कानांत बसला आहे, त्यांना त्याची ओळख लवकर पटेल. मधल्या भागात षड्ज तोच, पंचमही तोच, पियानोची पट्टीही तीच. पण गंधार कोमल होतो, आणि जो स्वर आतापर्यंत धीर देत होता तोच भय वाटावयास लावतो. ही करामत पावसाची नव्हे, रचनेची आहे. थेंबाला षड्ज-पंचम कळत नाहीत.

मग पावसाने दिले तरी काय? यातील काही प्रिल्यूड्स शोपाँ बेटावर येण्यापूर्वीच लिहून झाली होती. आराखडाही ठरलेला होता: सप्तकातील बारा स्वरांपैकी प्रत्येकाला षड्ज मानून एक रचना मेजर व एक मायनर, अशा चोवीस. बाखने असाच संकल्प पूर्वी केला होता आणि त्याचे पुस्तक शोपाँने बरोबर आणले होते. प्रकाशकाकडून आगाऊ रक्कमही घेतलेली होती. पॅरिसहून मागविलेला पियानो वाटेत व जकातीत अडकून जानेवारीत हाती आला. तोवर एका स्थानिक, सामान्य वाद्यावर काम चालले होते. तात्पर्य, काम आधी घरात आले, पाऊस मागाहून आला. पावसाने बैठक दिली, बीज दिले नाही.

आणि ही बैठक कोणाच्या श्रमांवर उभी होती? दिवसा सांद मुलांना शिकवी, आजाऱ्याची शुश्रूषा करी, स्वयंपाकपाण्यात लक्ष घाली, आणि रात्री आपले लेखन करी. घरात मिळणाऱ्या स्फूर्तीचा विचार करताना ते घर चालविणारे हात आपण विसरतो, हे आम्हांस अन्यायाचे वाटते.

त्या ओलीची किंमतही थोडी नव्हती. फेब्रुवारीत बेट सोडताना शोपाँ रक्त ओकत होता. १८४९ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो वारला. आजाराने कला फुलते असे मानणे म्हणजे कलावंताच्या दुःखाचे कौतुक करणे होय. ती प्रिल्यूड्स आजारामुळे झाली नाहीत. आजार सोसून झाली.

चित्रकलेतही हेच दिसते. डॅनिश चित्रकार विल्हेल्म हामर्सहॉय १८९८ ते १९०९ पर्यंत कोपनहेगनमधील एका जुन्या घरात राहिला. तेथील हिवाळा ओला व करडा. डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा. त्याने त्याच खोल्या, तीच दारे, पाठमोरी उभी असलेली पत्नी ईडा, हेच पुनःपुन्हा रंगविले. नवे काही दिसत नाही अशी तक्रार करण्याऐवजी, करडा रंग किती प्रकारचा असतो हे त्याने पाहिले.

आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावण्याची चाल आहे. पोथी कोणती, रोज किती वाचावयाची, हे आधी ठरते. मग बाहेर पाऊस कितीही पडो. आम्हांस वाटते, घरात बसून काही निर्माण करू पाहणाऱ्याने एवढे जरी उचलले तरी पुरे. झड लागण्यापूर्वी काम घरात आणावे, त्याला मर्यादा घालावी, आणि घरच्या कामाचा आपला वाटा उचलून मग बैठक मारावी. स्फूर्ती यायची असेल तर ती बसलेल्या माणसाकडे येईल.