सपाटीकरण पाते (बाग-ट्रॅक्टरचे)

बाग-ट्रॅक्टरच्या पुढे, पोटाखाली किंवा मागे जोडावयाचे आडवे, वक्र पोलादी पाते. जमिनीचे उंचवटे खरवडणे, सुटी झालेली माती वा खडी पुढे अगर कडेला सरकविणे आणि पृष्ठभागास हवा तसा उतार देणे ही त्याची कामे होत. घराभोवतीचे आवार, बागेची जागा आणि फाटकापासून घरापर्यंत जाणारी खडीची गाडीवाट यांवर ते मुख्यतः वापरतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा यांच्या ग्रामीण भागांत अशी वाट शंभर-दोनशे मीटर लांबीचीही असते आणि ती सुस्थितीत राखण्याचे काम घरमालकालाच करावे लागते. त्यामुळे हे अवजार तेथे विशेष प्रचारात आले.

सपाटीकरण हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. अगदी सपाट केलेल्या वाटेवर पाणी साचते, साचलेल्या पाण्याने माती मऊ पडते आणि चाकांच्या वर्दळीने तेथेच खड्डा पडतो. म्हणून पात्याने साधावयाची गोष्ट म्हणजे सपाटी नसून एकसारखा उतार ही होय. वाट मध्यभागी उंच व दोन्ही कडांकडे उतरती, कासवाच्या पाठीसारखी ठेवतात. खडीच्या वाटेला हा उतार सु. ४ टक्के, म्हणजे दर मीटरला ४ सेंमी. असावा लागतो; ३ मी. रुंदीच्या वाटेचा मध्य त्यामुळे कडेपेक्षा ६ सेंमी. उंच येतो. डांबरी रस्त्याला याच्या निम्मा उतार पुरतो, कारण त्याच्या गुळगुळीत पृष्ठावरून पाणी लवकर वाहून जाते.

पूर्वपीठिका : जमीन सारखी करण्याची अवजारे जुनी आहेत. महाराष्ट्रातील शेतकरी नांगरलेल्या शेतातील ढेकळे फोडण्यासाठी मैंद व फळी फिरवितो आणि उंच भागातील माती सखल भागात ओढून नेण्यासाठी बैलांची केणी वापरतो. अमेरिकेत मातीच्या रस्त्यांसाठी घोड्यांनी ओढावयाची पात्याची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. जे. डी. ॲडम्स यांनी १८८५ मध्ये चाके कलती करता येणारे यंत्र तयार केले. पात्यावर बाजूने येणाऱ्या मातीच्या रेट्याला अशी चाके अधिक चांगली दाद देतात. मिसूरी राज्यातील डी. वॉर्ड किंग या शेतकऱ्याचा उपाय याहून साधा होता. ओंडका उभा चिरून त्याचे दोन अर्ध एकामागे एक जोडावयाचे आणि पाऊस पडून गेल्यावर ते रस्त्यावरून तिरकस ओढावयाचे, एवढीच ती युक्ती होती. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९०८ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तिका काढली. कॅटरपिलर कंपनीने १९२८ मध्ये रसेल ही यंत्रनिर्माती कंपनी विकत घेतली आणि १९३१ मध्ये स्वयंचलित मोटर-ग्रेडर बाजारात आणला.

लहान ट्रॅक्टरला पाते जोडण्याची सोय दोन वाटांनी आली. हॅरी फर्ग्युसन यांची त्रिबिंदू जोडणी १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरवर आली व पुढे सर्वत्र रूढ झाली. मागील पाते या जोडणीवर बसते. पुढील पाते मात्र मूळचे बर्फ सारण्याचे आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट (१९६१) आणि जॉन डिअर ११० (१९६३) हे सु. ७ अश्वशक्तीचे बाग-ट्रॅक्टर निघाल्यावर गवत कापण्याचे यंत्र व बर्फाचे पाते ही त्यांची नेहमीची जोड-अवजारे ठरली. हिवाळ्यात बर्फ सारणारे पाते उन्हाळ्यात मातीला लावून पाहण्याचा मोह मालकांना होणे साहजिकच होते.

रचना : पात्याची रुंदी सामान्यतः १०५ ते १३५ सेंमी. असते. खालच्या कडेला झिजल्यावर बदलता येणारी पोलादी धारपट्टी बोल्टांनी बसविलेली असते. पुढील पाते हाताच्या तरफेने किंवा द्रवीय दट्ट्याने उचलतात आणि डावी-उजवीकडे सु. ३० अंशांपर्यंत वळवितात. त्याला स्प्रिंग असून दगड अगर फरसबंदीची कड लागताच पाते पुढे झुकते व आपटी टळते. बर्फासाठी ही योजना उत्तम आहे. पण मातीत काम करताना पाते दर वेळी झुकून खरवड सोडून देते, म्हणून ती स्प्रिंग अडकवून ठेवावी लागते आणि मग आपटीपासूनचे संरक्षणही जाते. मागील पात्याला वळविणे, एक टोक खाली कलविणे व वरच्या दुव्याची लांबी बदलून धारेचा मातीशी होणारा कोन बदलणे अशा तिन्ही हालचाली असतात. ते पाठमोरे फिरविल्यास त्याची बहिर्वक्र बाजू पुढे येते. ती खोदत नाही, फक्त चोपडे करते.

लांबीचा प्रश्न : लहान ट्रॅक्टरच्या पात्याने प्रथमच काम करणाऱ्याला बहुधा एकच अनुभव येतो. चार फेऱ्यांनंतर वाट पूर्वीपेक्षा अधिक लाटालाटांची झालेली असते. याचे कारण हाताच्या कौशल्यापेक्षा ट्रॅक्टरच्या भूमितीत आहे. ट्रॅक्टरच्या दोन आसांत १२० सेंमी. अंतर आणि मागील पाते मागच्या आसाच्या ६० सेंमी. मागे, ते एका उंचीवर पक्के धरलेले, असे समजू. पुढील चाके ५ सेंमी. उंचवट्यावर चढली की, मागील आस टेकू होऊन पाते २·५ सेंमी. खाली जाते व मातीत रुतते. पुढे मागील चाके त्याच उंचवट्यावर आली की, पाते ७·५ सेंमी. वर उचलले जाते. म्हणजे एका उंचवट्याने आधी खड्डा व नंतर दीडपट उंचीचा नवा उंचवटा निर्माण होतो. पुढील पाते पुढच्या आसाच्या ४० सेंमी. पुढे असल्यास त्याचीही अशीच गत होते. पुढची चाके चढताना ते सु. ६·७ सेंमी. उचलले जाते. याउलट मोटर-ग्रेडरचे पाते त्याच्या लांब सांगाड्याच्या साधारण मध्यभागी असते. पुढची चाके ५ सेंमी. चढली, तरी पाते निम्मेच उचलले जाते. मागील चाके प्रत्येक बाजूस एकामागे एक जोडीने असल्याने तेथला परिणाम आणखी निम्मा होतो. मोठे यंत्र दोष प्रत्येक फेरीत कमी करते, तर लहान यंत्र तो वाढविते.

यावर उपाय म्हणजे खोलीचे नियंत्रण ट्रॅक्टरच्या चाकांकडून काढून घेणे. काही बाग-ट्रॅक्टरांना पोटाखाली पाते बसविता येते व ते मोटर-ग्रेडरप्रमाणे वागते. मात्र त्यासाठी गवत कापण्याचे यंत्र काढावे लागते आणि सांगाडा आखूड असल्याने लांब लाटा तशाच राहतात. दुसरा मार्ग म्हणजे पात्यामागे मापक चाके लावणे किंवा दोन लांब घसरपट्ट्यांमध्ये दोन तिरकी पाती बसविलेली चौकट ओढणे. अशी चौकट उंचवट्यांवर टेकून चालते, त्यांचे माथे छाटते आणि निघालेली खडी वाटेतल्या खड्ड्यांत सोडते. किंग यांच्या चिरलेल्या ओंडक्यात हेच तत्त्व होते. जुने लोखंडी रूळ अगर जड चौकट साखळीने ओढणारे शेतकरीही नकळत तेच साधतात, आणि पुष्कळदा नव्या पात्याच्या मालकापेक्षा त्यांची वाट चांगली दिसते.

वजन व ओढ : या ट्रॅक्टरांची मर्यादा बहुधा एंजिनात नसते. आजच्या बाग-ट्रॅक्टरांची शक्ती १५ ते २५ अश्वशक्ती असते, पण चालक चाकांवरचा भार ३०० किग्रॅ.च्या आसपास असला, तर सुट्या मातीवर प्रत्यक्ष ओढ त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळते. १२० सेंमी. रुंद पात्याने ५ सेंमी. खोल खरवड घेत ३ मी. पुढे गेल्यास ०·१८ घ.मी., म्हणजे जवळजवळ ३०० किग्रॅ. माती पात्यापुढे गोळा होते. चाके तत्पूर्वीच जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून खरवड २ सेंमी.हून अधिक घेत नाहीत व पाते तिरपे ठेवतात, म्हणजे माती पुढे न साचता एका टोकाने वरंब्याच्या रूपात बाहेर पडते. मागील चाकांना वजने व साखळ्या लावल्याने ओढ वाढते. घट्ट जमीन आधी दात्यांनी उकरून घ्यावी लागते. केवळ पात्याने ती फुटत नाही. हिरवळ कापण्याच्या हलक्या ट्रॅक्टरांचा दंतचक्रसंच अशा कामासाठी बनविलेला नसतो, याचाही विसर पडू नये.

गाडीवाटेची दुरुस्ती : काम माती ओलसर असताना, पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवसांत करतात. कोरड्या वाटेवरून बारीक कण धुळीच्या रूपाने उडून जातात आणि खडी बांधली जात नाही. फार ओल असल्यास चाकोऱ्या पडतात. खड्डा वरून खडी टाकून बुजविल्यास थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच जागी उघडतो, कारण त्याचा घट्ट, बशीसारखा तळ कायम राहतो. पन्हळी पत्र्यासारख्या लाटांचेही तसेच आहे. खड्ड्याच्या तळापर्यंत भोवतालचा थर उकरून, सर्व माल एकत्र करून पुन्हा पसरणे हाच टिकाऊ उपाय होय. त्यानंतर कडेपासून मध्याकडे तिरप्या पात्याने फेऱ्या घेतात. प्रत्येक फेरीत वरंबा मध्याजवळ येतो व शेवटी पसरून दाबला जातो. दिशा उलटी ठेवल्यास खडी कडेला जाऊन तेथे बांध तयार होतो, पाणी चरात न उतरता वाटेवरूनच लांबवर वाहते आणि वाट घळीसारखी खणली जाते. खाजगी वाटांच्या नाशाचे हे एक नेहमीचे कारण आहे. उतार तपासण्यासाठी १ मी. लांबीच्या सरळ फळीच्या सखल टोकाखाली ४ सेंमी. जाडीचा ठोकळा ठेवून वर पाणसळ ठेवतात. बुडबुडा मध्यावर आला की उतार बरोबर समजावा.

खडीत बारीक चिकण कण थोडे तरी असावेच लागतात. नुसती धुतलेली गोल खडी कितीही पसरली, तरी चाकांखाली सरकत राहते. महाराष्ट्रात वाटांसाठी वापरल्या जाणाऱ्या चांगल्या मुरमात असा बांधक अंश मुळातच असतो. नवीन माल मागविताना ३० मी. लांब व ३ मी. रुंद वाटेवर ५ सेंमी. थरासाठी ४·५ घ.मी., म्हणजे सु. ७ टन माल लागतो हे लक्षात ठेवणे उपयोगी पडते.

घराभोवतीची जमीन : येथे चूक अधिक महाग पडते. भिंतीपासून पहिल्या ३ मी.त जमीन सु. १५ सेंमी. उतरती हवी; पाते उलट दिशेने चालून उतार घराकडे झाला, तर पावसाचे पाणी पायाशी मुरते, आणि तळघरे असलेल्या अमेरिकी घरांत ते आत झिरपते. वरची १०–१५ सेंमी. सुपीक माती आधी एका बाजूला रचून ठेवतात, खालच्या मातीला उतार देतात आणि मग ती परत पसरतात. भरावाची माती पातळ थरांनी दाबून घालतात, अन्यथा ती एक-दोन पावसाळ्यांत खाली बसते व काळजीपूर्वक दिलेला उतार नाहीसा होतो.

धोके व निगा : आडव्या उतारावर पाते भरून चालविताना ट्रॅक्टर कलंडू शकतो, उतारावर वर-खालीच चालवावे व पाते जमिनीलगत ठेवावे. जमिनीत पुरलेल्या वीज, वायू व दूरध्वनीच्या वाहिन्यांची जागा आधी विचारून घ्यावी लागते; अमेरिकेत त्यासाठी २००७ पासून ८११ हा सामाईक दूरध्वनी क्रमांक आहे. लपलेले मूळ किंवा दगड वेगात लागल्यास पुढील पात्याची चौकट वाकते, म्हणून काम चालण्याच्या गतीनेच करतात. धारपट्टी एका कडेने झिजली की उलटवून लावतात. ती पूर्ण झिजून पात्याची मूळ कड घासू लागण्यापूर्वी बदलावी लागते.