हेन्रिएटाच्या पेशी अजून का मरत नाहीत?

हेन्रिएटा लॅक्स नावाची बाई ४ ऑक्टोबर १९५१ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी वारली. वय अवघे एकतीस. मागे पाच लेकरे, धाकटे जेमतेम वर्षाचे. तिला जाऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. पण तिच्या अंगातून कापून घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत आहेत. नुसत्या जिवंत नाहीत, साधारण दर दिवसाला दुप्पट होत आहेत. वाचक बंधू-भगिनींनो, ही भानामती नाही की करणी नाही. ज्या रोगाने तिला मारले, तोच रोग तिच्या पेशींना मरू देत नाही. त्या रोगाचे नाव कॅन्सर.

हेन्रिएटा काळ्या कुटुंबातली, तंबाखूच्या शेतात राबून मोठी झालेली. नवरा पोलादाच्या कारखान्यात मजूर. जानेवारी १९५१ मध्ये ती जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. अंगावर अवेळी लाल जात होते, आणि आत गाठ असल्याचे तिला स्वतःलाच जाणवत होते. गरीब काळ्या रुग्णांना घेणारी रुग्णालये तिकडे थोडी होती. येथे घेत, पण वॉर्ड वेगळा. वेगळा वॉर्ड म्हणजे काय, हे आपल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. डॉक्टरांना पिशवीच्या तोंडावर गाठ दिसली. उपचार करताना त्या गाठीचा तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवण्यात आला. तिला कोणी विचारले नाही. तोवर माणसाच्या पेशी काचेच्या नळीत वाढवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले होते, पण त्या थोड्याच दिवसांत मरून जात. हिच्या मात्र वाढतच राहिल्या. तिच्या नावाची आद्याक्षरे घेऊन त्यांना ‘हीला’ हे नाव पडले. पोलिओची लस तपासताना याच पेशी कामी आल्या.

त्या मरत का नाहीत, हे कळायचे तर आधी साधी पेशी कशी वाढते ते पाहावे लागेल.

आपल्या शरीरात तीस लाख कोटींच्या वर पेशी आहेत, आणि त्या सगळ्या एका पेशीपासून झाल्या. एकीच्या दोन, दोनाच्या चार. मोठे झाल्यावरही हे काम थांबत नाही. जखम भरते ती पेशी विभागतात म्हणून. रक्तातल्या तांबड्या पेशी तर दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या तयार होतात. बहुतेक पेशींच्या पोटात ४६ गुणसूत्रे असतात. त्यांवर शरीर कसे चालवायचे याचा सगळा हिशेब लिहिलेला असतो, सुमारे सहाशे कोटी अक्षरांत. पेशीचे दोन भाग होण्यापूर्वी या अख्ख्या लिखाणाची नक्कल सहा-आठ तासांत काढली जाते. मग गुणसूत्रांच्या जोड्या मध्यभागी एका रांगेत उभ्या राहतात, बारीक धागे त्यांना दोन टोकांकडे ओढतात, आणि पेशी मध्ये आवळत जाऊन तिच्या दोन होतात. जर्मनीतील वाल्टर फ्लेमिंग यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून याची चित्रे १८८२ मध्ये छापली. ती आजही बरोबर ठरतात.

मी कारकून माणूस. रोजकीर्दीवरून खतावणी उतरवताना माझ्या हातून चुका होतात आणि वरचा तपासनीस त्या लाल पेन्सिलीने धरतो. पेशीतही असे तपासनीस बसवलेले आहेत. नक्कल सुरू होण्यापूर्वी दाराला कडी असते. बाहेरून हुकूम आल्याशिवाय ती निघत नाही. या कडीचे काम करणाऱ्या प्रथिनाला शास्त्रज्ञ ‘आरबी’ म्हणतात. पुढे लिखाण फाटले वा बिघडले, तर ‘पी-५३’ नावाचे प्रथिन काम थांबवते. चूक दुरुस्त झाली तर ठीक. नाही तर ते त्या पेशीला सरळ मरायला लावते. शेवटच्या टप्प्यावरही पहारा आहे. एकाही गुणसूत्राला धागा लागायचा राहिला, तर बाकी सगळी रांग त्याच्यासाठी खोळंबून उभी राहते! एवढी शिस्त आमच्या कचेरीत मी एकोणीस वर्षांत पाहिली नाही.

शिवाय वयाचीही मर्यादा आहे. साधी पेशी चाळीस ते साठ वेळा विभागते आणि थांबते. हे १९६१ मध्ये दाखवले गेले. दर विभागणीला गुणसूत्राचे टोक थोडे झिजते. फार झिजले की पेशी पुढे विभागत नाही.

मग कॅन्सर होतो कसा? एका चुकीने सहसा होत नाही. तंबाखूने, काही विषाणूंनी, किंवा निव्वळ वय वाढल्यामुळे चुका साठत जातात. एका पेशीची कडी निघते. तिच्याच वंशात पुढे तपासनीसही जातो. आता चुकीची नक्कल बिनबोभाट पुढे सरकते, आणि तिच्यावरून आणखी चुकीच्या नकला होतात. याला वर्षे लागतात, पुष्कळदा दहा ते वीस. म्हणजे कॅन्सर बाहेरून येऊन बसलेला जंतू नाही, की मागल्या जन्माचे पाप नाही. पहारा सुटलेली ती आपलीच पेशी असते.

हेन्रिएटाच्या पेशींचा पहारा कोणी उठवला, हे तिच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी समजले. जर्मनीतील हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी दाखवले, की पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ‘एचपीव्ही’ नावाच्या विषाणूमुळे होतो. त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. हीला पेशींत या विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार सापडला. त्याची दोन प्रथिने दोन कामे करतात: एक पी-५३ चा नाश घडवते, दुसरे आरबीची कडी काढते. गुणसूत्रांची टोके न झिजू देणारी यंत्रणाही या पेशींत चालू आहे. त्यांच्या ४६ गुणसूत्रांची आता सत्तर-ऐंशी झाली आहेत, काही मोडकी, काही दुसऱ्याला चिकटलेली.

पण खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. २००० साली येल विद्यापीठातील संशोधकांनी हीला पेशींत विषाणूच्या त्या दोन प्रथिनांची निर्मिती बंद पाडली. तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षे न थांबलेल्या पेशी विभागायच्या थांबल्या आणि म्हाताऱ्या झाल्या. तपासनीस मेला नव्हता. इतकी वर्षे त्याला नुसते उठूच दिले नव्हते.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा तरी होतोच. तेव्हा बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी आधी आपला नंबर लावावा. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्या थोड्या बायकांत टिकून राहतो, त्यांच्यात पुढे कॅन्सर होऊ शकतो. आपल्या देशात २०२२ च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार दगावतात.

रोगाला लागणारी ही दहा-वीस वर्षे आपल्या बाजूची आहेत. परळच्या टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास केला. सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर शिकवून तयार केलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविका होत्या. साहित्य काय, तर कापसाचा बोळा आणि चार टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे चायनीजच्या गाडीवर बाटलीत असते तसले व्हिनेगर. ते पिशवीच्या तोंडाला लावून मिनिटभर थांबायचे. बिघडलेल्या पेशींचे केंद्रक मोठे आणि प्रथिने जास्त असतात. ती आम्लाने गोठतात आणि तेथे पांढरा डाग दिसतो. एवढ्याने या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाला. तुलनेसाठी निम्म्या वस्त्यांतील बायकांना तपासणीऐवजी फक्त माहिती देण्यात आली होती. त्यावर पुढे प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारायलाच हवे होते. गरिबाच्या शरीरावर शास्त्र पुढे जाते, तेव्हा त्याला नीट सांगितले होते का, हा हेन्रिएटाचाच प्रश्न आहे. तिच्या घरच्यांना या पेशींचा पत्ता १९७० नंतर लागला. त्या पेशींवर कमावणाऱ्या एका कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली ती २०२३ मध्ये.

आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातही (आता धाराशिव) १ लाख ३० हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये छापून आले. लसही आहे. ती मुलींना ९ ते १४ वर्षांच्या वयात द्यावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुण्यात बनलेल्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

सरकारच्या २०१६ च्या सूचनांत तिशीपुढच्या स्त्रियांसाठी या तपासणीची तरतूद आहे. आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे. होत नाही म्हणाले, तर का होत नाही हे लेखी विचारावे. आणि दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर लाल जात असेल, घाण वासाचे पाणी जात असेल, तर कॅम्पची वाट पाहू नये. आमच्या वस्तीत आजही अशी गोष्ट आधी जावेला सांगतात, मग बहिणीला, आणि नवऱ्याला अगदी शेवटी. हेन्रिएटानेही गाठ जाणवते म्हणून आधी आपल्या मामे-चुलत बहिणींनाच सांगितले होते. डॉक्टरकडे ती गेली, ती त्यानंतर साधारण वर्षाने.