सामाईक जागांमधील बिघाड

विंडोज आधीपासून असलेल्या लॅपटॉपवर उबुंटू, फेडोरा किंवा मिंट यांसारखी लिनक्सची एखादी प्रत दुसरी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणून बसवली जाते, तेव्हा त्या दोघी एका वेळी कधीच चालू नसतात; सुरुवातीच्या यादीतून एक निवडली की दुसरी डिस्कवर निश्चल पडून राहते. त्यामुळे एकीच्या बिघाडाशी दुसरीचा संबंध नसावा, असा समज साहजिकच होतो, आणि नवी प्रत सुरू झाली नाही की ती पुसून पुन्हा बसवण्याकडे मन वळते. प्रत्यक्षात अशा लॅपटॉपची बारकाईने तपासणी केली असता, बरेचसे बिघाड त्या नव्या कार्यप्रणालीच्या आत नसतातच, असे आढळते; ते असतात दोघींच्या सामाईक जागांमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरील स्मृतीत, डिस्कवरील एका लहानशा विभागात, बंद करताना डिस्क ज्या अवस्थेत सोडली गेली त्या अवस्थेत आणि घड्याळात. या जागांकडे लक्ष न देता प्रत पुन्हा बसवली, तर बिघाड अनेकदा तसाच राहतो आणि वापरकर्त्याच्या फायली मात्र गेलेल्या असतात.

शोधाचा पहिला प्रश्न पडद्यावर शेवटचे काय दिसले हा असतो, कारण लॅपटॉप टप्प्याटप्प्याने सुरू होतो आणि प्रत्येक टप्पा आपली खूण पडद्यावर सोडतो. बटण दाबल्यावर प्रथम जागे होते ते मदरबोर्डवरील फर्मवेअर. जुन्या बायोसची जागा घेतलेले हे यूईएफआय फर्मवेअर उत्पादकाचे बोधचिन्ह दाखवते, डिस्कवरील ईएसपी नावाच्या विभागातून बूटलोडर, म्हणजे कार्यप्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, उचलते आणि पुढची सूत्रे त्याच्याकडे सोपवते. लिनक्सच्या बाबतीत हा बूटलोडर बहुधा ग्रब असतो. तो यादी दाखवतो आणि निवडलेल्या कार्यप्रणालीचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, इनिटरॅमएफएस या तात्पुरत्या फाइलप्रणालीसह मेमरीत आणतो. मग मूळ विभाग शोधून जोडला जातो आणि अखेरीस लॉगिनचा पडदा येतो. बोधचिन्हानंतर थेट विंडोज आली तर दोष फर्मवेअरच्या क्रमात शोधावा, ग्रबची कोरी ओळ लुकलुकत राहिली तर ग्रबच्या वाटेत, आणि इनिटरॅमएफएसचे नाव दाखवून यंत्र थांबले तर मूळ विभागात. यादीतून लिनक्स निवडल्यावर पडदा काळा पडला, तर संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर येतो. अशा वेळी यादीतच ‘ई’ ही कळ दाबून कर्नलच्या ओळीला नोमोडसेट हा शब्द जोडला असता साध्या चित्रावर काम भागू शकते आणि आत शिरून योग्य ड्रायव्हर बसवता येतो.

यांपैकी पहिल्या प्रकारात लिनक्स नाहीशी झाली अशी समजूत होते, आणि ती जवळजवळ नेहमीच चुकीची असते. ईएसपी हा फॅट३२ पद्धतीचा लहान विभाग असून विंडोज तो बहुधा १०० एमबीचा करते. त्यात मायक्रोसॉफ्टचे आणि उबुंटूचे फोल्डर शेजारी-शेजारी नांदतात. कोणता बूटलोडर आधी उचलायचा हा क्रम मात्र डिस्कवर नसतो, तर वीज गेल्यावरही टिकणाऱ्या एनव्हीरॅम या मदरबोर्डवरील स्मृतीत असतो. फर्मवेअरचे किंवा विंडोजचे मोठे अपडेट झाल्यावर हा क्रम कधीकधी बदलतो आणि डिस्कवरील एकही फाइल हललेली नसताना ग्रबची यादी दिसेनाशी होते. लाइव्ह यूएसबी, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणारी लिनक्स, सुरू करून ईएफआयबूटएमजीआर ही आज्ञा दिली की सर्व नोंदी आणि त्यांचा क्रम समोर येतो, आणि त्याच आज्ञेने तो पूर्ववत करता येतो. काही लॅपटॉपची फर्मवेअर हा क्रम जुमानतच नाहीत. ती विंडोजची ठरावीक फाइल किंवा सर्वांसाठी राखीव असलेली पर्यायी वाट एवढेच पाहतात. अशा यंत्रांवर मायक्रोसॉफ्टच्या फाइलीच्या जागी ग्रबची फाइल ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो टाळावा, कारण विंडोजच्या पुढच्या एखाद्या अपडेटमध्ये ती जागा पुन्हा लिहिली जाऊ शकते. पर्यायी वाटेवर ग्रब बसवण्याची सोय ग्रब-इन्स्टॉल या आज्ञेतच आहे.

ग्रबची कोरी ओळ वेगळे सांगते. फर्मवेअरने आपले काम केलेले असते, ग्रब जागा झालेला असतो, पण त्याची यादी ज्या विभागात आहे तो त्याला सापडत नाही. ईएसपीतील एका लहान फाइलीत त्या विभागाचा यूयूआयडी, म्हणजे फॉरमॅट करताना मिळालेला ओळखक्रमांक, लिहिलेला असतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचा विभाग काढून टाकला की क्रमांकाचा धनी जातो, ग्रब व एनव्हीरॅममधील नोंद मात्र मागे उरतात आणि लॅपटॉप त्या ओळीवर येऊन थांबतो. अशा वेळी विंडोज शाबूत असते व फर्मवेअरच्या बूट मेन्यूतून ती सुरू होते. लिनक्सचा विभाग जागेवर असेल, तर लाइव्ह यूएसबीवरून तो जोडून, त्यातच ईएसपी जोडून, सीएचरूट या आज्ञेने सारे काम तात्पुरते त्या विभागाच्या आत नेऊन ग्रब नव्याने बसवता येतो. यादी दिसते पण तीत विंडोज नाही, हा मात्र बिघाड नव्हे: २०२१ मधील ग्रब २.०६ पासून इतर कार्यप्रणाली हुडकणारा ओएस-प्रोबर सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवला जातो आणि तो सेटिंगमधून चालू करावा लागतो.

सर्वांत फसवा दोष लॅपटॉप बंद करण्याच्या कृतीत दडलेला असतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप ही सोय आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ म्हटल्यावर वापरकर्त्याचे प्रोग्राम बंद होतात, पण कर्नलची अवस्था डिस्कवरील एका फाइलीत साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच मेमरीत परत आणली जाते. म्हणजे विंडोजच्या लेखी तिचा एनटीएफएस विभाग अजून वापरातच असतो. मधल्या काळात लिनक्सने त्यात काही लिहिले, तर जाग्या झालेल्या विंडोजच्या स्मरणातील नोंदी आणि प्रत्यक्ष डिस्क यांचा मेळ बसत नाही व फायली खराब होऊ शकतात. म्हणूनच लिनक्स असा विभाग केवळ वाचण्यापुरता जोडते किंवा जोडायलाच नकार देते. वापरकर्त्याला हा लिनक्सचा हट्ट वाटतो, पण तो त्याच्याच फायलींचा बचाव असतो आणि तो सक्तीने मोडण्याची घाई करू नये. ‘रीस्टार्ट’ केल्यास विंडोज पूर्णपणे बंद होते, आणि निदानाला हाच फरक उपयोगी पडतो: शट डाउननंतर दिसणारा आणि रीस्टार्टनंतर न दिसणारा दोष फास्ट स्टार्टअपचा असण्याची शक्यता मोठी. लिनक्समध्ये मधूनच नाहीसे होणारे वाय-फायदेखील या कसोटीवर तपासून पाहावे.

सिक्युअर बूटला हात लावताना सावधगिरी हवी. या व्यवस्थेत फर्मवेअर मान्य डिजिटल स्वाक्षरी असलेलाच बूटलोडर चालू देते. लिनक्सच्या बाजूने मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेला शिम हा छोटा प्रोग्राम पुढे होतो आणि मग तो ग्रबची स्वाक्षरी तपासतो. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या अपडेटने सदोष ठरलेल्या जुन्या बूटलोडरांना नाकारणारी एसबॅट ही तजवीज लागू केली. दोन कार्यप्रणाली असलेली यंत्रे तीतून वगळली जाणे अपेक्षित होते, पण अशी काही यंत्रे ओळखली गेली नाहीत आणि त्यांच्यावरील लिनक्स सुरू होईना. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून, लिनक्समध्ये शिरून, मोकयुटिल या आज्ञेने ते धोरण पुसणे हा त्यावरील मार्ग होता. मात्र विंडोजचा विभाग बिटलॉकरने कूटबद्ध असेल, तर सिक्युअर बूट बदलताच टीपीएम ही सुरक्षा-चिप किल्ली देण्याचे थांबवते आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती आधी कागदावर उतरवून घेतल्याशिवाय फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊच नये, कारण ती नसेल तर विंडोजमधील फायली हाती लागत नाहीत.

घड्याळाचा दोष त्यामानाने निरुपद्रवी, पण भारतात तो चटकन ओळखू येतो. मदरबोर्डवरील घड्याळात जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, आहे असे लिनक्स धरते; विंडोज त्याच घड्याळातील वेळ स्थानिक मानते. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ नेमके साडेपाच तास मागे दिसते आणि उलट दिशेने तेवढेच पुढे. इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होईपर्यंत काही संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे अमान्य ठरू शकतात, आणि दोष वाय-फायचा किंवा ब्राउझरचा भासतो. भारतात उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याची पद्धत नसल्याने टाइमडेटसीटीएल या आज्ञेने लिनक्सलाच स्थानिक वेळ पाळायला लावले तरी चालते. मात्र तोच लॅपटॉप लंडनला नेला, तर मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तास कोणी सरकवायचा याचा गोंधळ होऊ शकतो. तेथे विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद घालून तिलाच यूटीसी मानायला लावावे.