तार दिसली की खेळ संपला!

रत्नागिरीच्या राम आळीत सराफाकडे नथ बघायला गेलात, तर ती एकदा उलटी करा. पुढून मोतीच मोती. मागे सगळा कारभार तारेचा. बारीक सोन्याच्या तारेत एकेक मोती ओवायचा, पीळ द्यायचा आणि टोक आत दडवायचं. टोक बाहेर राहिलं तर शालूच्या पदरात अडकतं आणि ऐन मुहूर्तावर नवरीची तारांबळ! (या शब्दात तार नाही हं. तो मंगलाष्टकांतल्या ‘ताराबला’वरून आला म्हणतात.)

सोनं तरी किती सोशिक? एका ग्रॅमची ओढून सुमारे दोन किलोमीटर तार निघते.

तार-दोरा लपवण्याची ही विद्या रंगभूमीलाही हवीच. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत दोऱ्यांवर कळसूत्री बाहुल्या नाचवतात. पिंगुळी आज सिंधुदुर्गात असली, तरी १ मे १९८१ पर्यंत जिल्हा रत्नागिरीच! तिथल्या परशुराम गंगावणे यांनी चक्क घरच्या गोठ्यात या बाहुल्यांचं संग्रहालय थाटलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गंमत म्हणजे, ज्या ब्रह्मदेशाच्या दरबारात दोरीच्या बाहुल्यांना मोठा मान होता, तिथला पदच्युत थिबा राजाही १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीतच होता. राजा आणि बाहुल्या, एकाच जिल्ह्यात!

सिनेमातला उस्ताद मात्र मुंबईत सापडला. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त अदृश्य माणूस वस्तू हलवतो. बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या पडद्यासमोर त्या वस्तू काळ्या दोऱ्याने हलवल्या. काळ्यावर काळं, दिसणार काय? लोकांनी त्यांचं नावच पाडलं ‘काला धागा’. (पुरस्कारापेक्षा हे बरं, माझ्या मते.)

माणूस उडवायचा तर दोरा पुरत नाही, पोलादी तार लागते. लंडनच्या रंगमंचावर ‘पीटर पॅन’ १९०४ मध्येच तारेवर उडाला. कमरेच्या दोन्ही बाजूंना तार जोडली की नट हवेत कोलांटीसुद्धा मारतो. ‘क्रिश’ सिनेमातल्या उड्यांसाठी तर हाँगकाँगचे ॲक्शन दिग्दर्शक टोनी चिंग सिऊ-तुंग आले होते. पूर्वी तार दिसू नये म्हणून बारीक घ्यायची आणि तुटू नये म्हणून देवाचा धावा करायचा. आता खुशाल जाड तार लावतात. कॉम्प्युटर ती नंतर पुसतो.

राम आळीतला कारागीर मात्र टोक अजून चिमट्यानेच आत वळवतो.